विश्लेषण : थॅलेसेमिया, सिकलसेलच्या मुलांना रक्तातून हेपॅटायटिस सी कसा होतो? बारा आठवड्यांत बरा होणारा आजार वर्षानुवर्षे लपून का राहतो?

मे २०२२ मध्ये नागपुरातून आलेल्या एका बातमीने राज्याच्या आरोग्य यंत्रणेला हादरवले. थॅलेसेमियामुळे नियमित रक्त घ्यावे लागणाऱ्या चार मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे आणि त्यातील एकाचा मृत्यू झाल्याचे आरोग्य विभागाच्या अधिकाऱ्यांनी सांगितले. त्याच वेळी काही मुलांना हेपॅटायटिस सी आणि हेपॅटायटिस बी झाल्याचेही समोर आले. अन्न व औषध प्रशासनाने चौकशी सुरू केली, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने दखल घेतली. चर्चा मात्र बहुतांश एचआयव्हीभोवतीच फिरली आणि हेपॅटायटिस सी मागे पडला.

वास्तविक हेपॅटायटिस सी हा आज औषधाने पूर्ण बरा होणारा विषाणूसंसर्ग आहे. गोळ्या साधारण बारा आठवडे घ्याव्या लागतात आणि सरकारी योजनेत त्या मोफत मिळतात. तरीही जन्मजात रक्तविकार असलेल्या अनेक मुलांमध्ये हा संसर्ग वर्षानुवर्षे लक्षातच येत नाही. पालघर जिल्ह्यातील तलासरी तालुक्याच्या टोकाला, गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या अच्छाडसारख्या गावासाठी हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. तो कसा, हे समजून घेऊ.

हेपॅटायटिस सी म्हणजे नेमके काय?

हेपॅटायटिस म्हणजे यकृताची सूज. ‘सी’ प्रकारचा विषाणू रक्तातून पसरतो. पावसाळ्यात दूषित पाण्यामुळे होणारी कावीळ वेगळी. ती ‘ए’ आणि ‘ई’ या विषाणूंमुळे होते आणि बहुतेकदा काही आठवड्यांत जाते. ‘सी’ची लागण पाण्यातून, एका ताटात जेवल्याने, शिंकण्याने किंवा मिठी मारल्याने होत नाही.

हा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. त्याच्या शोधासाठी हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस या तीन शास्त्रज्ञांना २०२० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याआधी रक्त चढवल्यानंतर होणाऱ्या या आजाराला ‘ए नाही आणि बी नाही असा हेपॅटायटिस’ एवढीच ओळख होती.

लागण झालेल्यांपैकी साधारण तीस टक्के लोकांचे शरीर सहा महिन्यांच्या आत विषाणूला स्वतःहून बाहेर काढते. उरलेल्यांमध्ये तो ठाण मांडतो. बहुतेकांना ना ताप येतो, ना डोळे पिवळे होतात. आतल्या आत यकृतावर व्रण पडत जातात. दीर्घकालीन संसर्ग असलेल्यांपैकी १५ ते ३० टक्के लोकांना वीस वर्षांच्या आत यकृत आक्रसून निकामी होण्याचा, म्हणजे सिरोसिसचा धोका असतो. पुढे यकृताचा कर्करोगही होऊ शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार जगात सुमारे पाच कोटी लोकांना हेपॅटायटिस सी आहे. त्यातील सुमारे ५५ लाख भारतात आहेत. हेपॅटायटिस बीवर लस आहे आणि ती बाळाला जन्मतः व नंतर पेंटाव्हॅलंटमधून दिली जाते. हेपॅटायटिस सीवर मात्र अजून लस नाही.

रक्तविकार असलेल्या मुलांनाच जास्त धोका का?

कारण त्यांना रक्त किंवा रक्तघटक वारंवार घ्यावे लागतात. त्यातही तीन आजारांतील फरक लक्षात घ्यायला हवा.

थॅलेसेमिया मेजर : या मुलांचे शरीर पुरेसे हिमोग्लोबिन तयार करू शकत नाही. वयाच्या पहिल्या एक-दोन वर्षांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, म्हणजे वर्षाला १३ ते २६ वेळा. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले नाही, तर हे आयुष्यभर चालते.

सिकलसेल : यात लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, लवकर फुटतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. या मुलांना रक्त नियमित लागतेच असे नाही. हिमोग्लोबिन अचानक घसरले, प्लीहेत रक्त साचले, छातीत गंभीर त्रास झाला किंवा पक्षाघात झाला, की रक्त द्यावे लागते.

हिमोफिलिया : यात रक्त गोठवणारा घटक कमी असतो. १९८० च्या दशकापर्यंत हजारो दात्यांच्या प्लाझ्मापासून बनवलेल्या औषधांतून जगभरातील हिमोफिलियाच्या रुग्णांना हेपॅटायटिस सी आणि एचआयव्हीची लागण झाली होती. आताची फॅक्टर औषधे विषाणू नष्ट करण्याच्या प्रक्रियेतून जातात, त्यामुळे ती खूपच सुरक्षित आहेत. फॅक्टर उपलब्ध नसल्याने प्लाझ्मा किंवा क्रायो द्यावे लागले, तर धोका पुन्हा रक्ताच्या पिशवीइतकाच असतो.

पिशवी एकच असली आणि शेकडो असल्या, तर फरक किती पडतो? त्यासाठी एक साधे गणित पाहू. केवळ उदाहरणासाठी समजा की, ५,००० पिशव्यांमागे एका पिशवीत विषाणू चाचणीतून निसटतो. शस्त्रक्रियेच्या वेळी आयुष्यात एकदाच रक्त घेणाऱ्याला धोका ५,००० मध्ये एक, म्हणजे नगण्य. वर्षाला २५ पिशव्या घेणाऱ्या मुलाला दहा वर्षांत २५० पिशव्या लागतात. त्याचा एकूण धोका सुमारे पाच टक्के, म्हणजे वीस मुलांमागे एक. एका पिशवीचा ‘नगण्य’ धोका या मुलांच्या बाबतीत असा साचत जातो. म्हणून सर्वसाधारण रुग्णासाठी पुरेशी वाटणारी खबरदारी त्यांच्यासाठी अपुरी ठरते.

रक्ताची तपासणी होत नाही का?

होते. भारतात प्रत्येक पिशवीची पाच आजारांसाठी तपासणी बंधनकारक आहे : एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया. हेपॅटायटिस सीची तपासणी देशात २००१-०२ च्या सुमारास सक्तीची झाली. त्याआधी रक्त घेतलेल्यांमध्ये या संसर्गाचे प्रमाण मोठे होते. पैसे घेऊन रक्त देणाऱ्या व्यावसायिक दात्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. या दोन निर्णयांनी धोका खूप कमी झाला, पण संपला नाही.

अडचण तपासणीच्या पद्धतीत आहे. बहुतेक रक्तपेढ्यांत एलायझा किंवा रॅपिड चाचणी वापरली जाते. हेपॅटायटिस सीसाठी ती प्रामुख्याने विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. लागण झाल्यानंतर ही प्रतिपिंडे सापडण्याइतकी वाढायला साधारण दोन महिने लागतात. या मधल्या काळाला ‘विंडो पिरियड’ म्हणतात. दात्याला त्याच काळात रक्तदान शिबिरात रक्त द्यायचे ठरले, तर त्याच्या रक्तात विषाणू असतो, चाचणी मात्र निगेटिव्ह येते. दात्याला स्वतःलाही काही ठाऊक नसते.

मग ‘नॅट’ म्हणजे काय? ती सगळीकडे का नाही?

‘नॅट’ म्हणजे न्यूक्लिक अॅसिड चाचणी. ती प्रतिपिंडांची वाट पाहत नाही, थेट विषाणूची जनुकीय सामग्री शोधते. करोनाकाळात घराघरांत पोहोचलेल्या आरटीपीसीआर चाचणीचे तत्त्वही हेच. नॅटमुळे हेपॅटायटिस सीचा विंडो पिरियड दोन महिन्यांवरून साधारण आठवड्यावर येतो.

भारतात ही चाचणी रक्तपेढ्यांना बंधनकारक नाही. मोठ्या शहरांतील काही सरकारी, महापालिका, धर्मादाय आणि खासगी रक्तपेढ्या ती करतात. इतरत्र न होण्यामागे कारणे आहेत. यंत्रसामग्री महाग आहे, प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतात, वीजपुरवठा आणि शीतसाखळी अखंड हवी. महिन्याला काहीशे पिशव्या गोळा करणाऱ्या छोट्या रक्तपेढीला प्रत्येक पिशवीमागचा खर्च परवडत नाही.

त्यावर एक उपाय केंद्रीकरणाचा आहे. प्रत्येक रक्तपेढीत यंत्र बसवण्याऐवजी अनेक रक्तपेढ्यांचे नमुने एका प्रयोगशाळेत आणून तपासायचे. त्यासाठी वाहतूक चोख लागते आणि अहवाल येईपर्यंत पिशवी थांबवून ठेवावी लागते. किमान वारंवार रक्त लागणाऱ्या मुलांसाठीच्या पिशव्या नॅट करून वेगळ्या ठेवाव्यात, अशी थॅलेसेमियावर काम करणाऱ्या डॉक्टरांची आणि पालक संघटनांची जुनी मागणी आहे.

नॅट म्हणजे शंभर टक्के हमी, असेही नाही. तिचाही काही दिवसांचा विंडो पिरियड असतोच. त्यामुळे सर्वात पहिली चाळणी दाता हीच. नियमित, स्वेच्छेने रक्त देणाऱ्या दात्याचे रक्त प्रत्येक दानावेळी तपासले गेलेले असते, म्हणून ते तुलनेने सुरक्षित मानले जाते. ‘आधी बदली रक्त आणा’ म्हणून घाईघाईने उभ्या केलेल्या दात्याची खरी माहिती मिळेलच याची खात्री नसते. स्वैच्छिक रक्तदानात महाराष्ट्र देशात आघाडीवर आहे. पण उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्ट्यांत साठा आटतो आणि नेमके तेव्हाच पालकांना दाते शोधत फिरावे लागते.

अशा घटना फक्त नागपुरातच घडल्या का?

नाही. २०११ मध्ये गुजरातमधील जुनागढ येथे थॅलेसेमियाच्या २३ मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे उघड झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये कानपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील १४ मुलांना संसर्ग झाल्याचे तेथील बालरोग विभागाच्या हवाल्याने प्रसिद्ध झाले. त्यात सात मुलांना हेपॅटायटिस बी, पाच जणांना हेपॅटायटिस सी आणि दोघांना एचआयव्ही होता. महाविद्यालय प्रशासनाने नंतर याचा इन्कार केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये झारखंडमधील चाईबासा येथे पाच मुलांना एचआयव्ही झाल्याचे समोर आले आणि अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली.

या घटनांत एक साम्य आहे. बाधित रक्त नेमके कधी आणि कुठून आले, हा प्रश्न प्रत्येक वेळी चौकशीच्या केंद्रस्थानी राहिला. एका मुलाने अनेक ठिकाणांहून रक्त घेतलेले असते, दात्यांची संख्या मोठी असते आणि मुलाची मागची चाचणी केव्हा निगेटिव्ह होती याची नोंद नसते. मग दोष कोणाचा, हे सिद्ध करणे अवघड होते. संसर्ग अस्वच्छ सुई, दुसऱ्यांदा वापरलेला सलाइनचा संच किंवा इतर उपचारांतूनही होऊ शकतो. ती शक्यता तपासायलाही तारखा लागतातच.

अच्छाड, तलासरी, डहाणूचा याच्याशी काय संबंध?

तलासरी आणि डहाणू हे आदिवासीबहुल तालुके. वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, काटकरी समाजाची वस्ती येथे मोठी आहे. सिकलसेलचा दोष देशातील अनेक आदिवासी समाजांमध्ये आढळतो आणि दक्षिण गुजरात, पालघर, नाशिक, नंदुरबार हा सगळा पट्टा त्यात मोडतो. गुजरातने दक्षिणेकडील जिल्ह्यांत २००६ मध्ये सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्याची पायाभरणी करणाऱ्यांपैकी वलसाडचे डॉ. यझदी इटालिया यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे तिचे लक्ष्य आहे.

म्हणजे ‘सिकलसेल आहे का’ हे शोधण्याची यंत्रणा उभी राहिली आहे. पण सापडलेल्या मुलाला पुढे रक्त लागले, तर ते कुठून आले आणि त्यानंतर त्याची हेपॅटायटिस सीची चाचणी झाली का, हा पुढचा टप्पा आहे. अच्छाडमध्ये या टप्प्यावर तीन अडचणी येतात.

पहिली, हद्द. अच्छाड मुंबई-अहमदाबाद महामार्गावर महाराष्ट्राच्या शेवटच्या टोकाला आहे. पलीकडे भिलाड आणि पुढे वापी जवळ, सिल्वासाही फार लांब नाही. मुंबई मात्र शंभर किलोमीटरहून अधिक दूर. तातडीच्या वेळी माणूस जवळचे रुग्णालय गाठणार, हे स्वाभाविक आहे. त्यामुळे एकाच मुलाला एकदा तलासरी-डहाणूत, एकदा वापीत किंवा सिल्वासात आणि गंभीर वेळी मुंबईत रक्त चढू शकते. महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित प्रदेश अशा तीन प्रशासनांत त्याच्या नोंदी विखुरतात.

दुसरी, रक्ताचा प्रवास. ग्रामीण भागातील अनेक रुग्णालयांत रक्तपेढी नसते, रक्त साठवणूक केंद्र असते. तिथे रक्त तपासले जात नाही. मूळ रक्तपेढीतून तपासून आलेली पिशवी ठेवली जाते आणि गट जुळवून दिली जाते. म्हणून ‘इथे नॅट होते का’ हा प्रश्न साठवणूक केंद्राला नव्हे, मूळ रक्तपेढीबद्दल विचारावा लागतो. तिचे नाव पिशवीवरील लेबलवर असते.

तिसरी, स्थलांतर. भातकापणीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, काही जण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून, तर काही उमरगाव-वापीच्या कारखान्यांत कामाला जातात. बारा आठवड्यांची औषधे आणि त्यानंतर बारा आठवड्यांनी करायची चाचणी, असे सहा महिने एका केंद्राच्या संपर्कात राहणे या कुटुंबांसाठी सोपे नसते.

लागण लक्षात का येत नाही?

लक्षणे नसणे हे एक कारण. दुसरे कारण वैद्यकीय आहे आणि ते या मुलांपुरतेच आहे. रक्ताच्या प्रत्येक पिशवीसोबत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. शरीर मात्र दिवसाला सुमारे एक मिलिग्रॅम लोहच बाहेर टाकू शकते. साठलेले लोह यकृतात, हृदयात आणि ग्रंथींत जमा होते, म्हणून या मुलांना लोह कमी करणारी औषधे द्यावी लागतात. लोह साठल्यानेही यकृताच्या चाचणीतील एसजीपीटीचा आकडा वाढतो. त्यामुळे आकडा वाढलेला दिसला की ‘लोहामुळे असेल’ असा निष्कर्ष काढला जाऊ शकतो आणि विषाणू तसाच राहतो.

लोह आणि विषाणू हे दोन्ही एकाच यकृतावर घाव घालतात. दोन्ही असतील, तर यकृतावर व्रण पडण्याचा वेग वाढतो. म्हणूनच नियमित रक्त घेणाऱ्या मुलाची हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीसाठी दर सहा महिन्यांनी, किमान वर्षातून एकदा तपासणी व्हावी, असे तज्ज्ञ सांगतात.

चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच का?

लगेच तसे म्हणता येत नाही. पहिली चाचणी प्रतिपिंडांची असते. ती पॉझिटिव्ह येणे म्हणजे विषाणू कधीतरी शरीरात आला होता. तो आजही आहे का, हे आरएनए चाचणी सांगते. यालाच ‘व्हायरल लोड’ म्हणतात. आरएनए सापडला, तरच उपचार सुरू होतात. दीड वर्षाखालील बाळात आईकडून आलेली प्रतिपिंडेही सापडू शकतात, त्यामुळे तेथे निष्कर्ष आणखी जपून काढावा लागतो.

उपचार काय? मुलांना चालतात का?

दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत इंटरफेरॉनची इंजेक्शने आणि रिबाव्हिरिन हे औषध वापरले जात असे. उपचार वर्षभरही चालत आणि त्रासही बराच होई. थॅलेसेमियाच्या मुलांसाठी तर ते दुहेरी संकट होते. रिबाव्हिरिनमुळे लाल पेशी फुटतात, म्हणजे रक्ताची गरज आणखी वाढते.

आता विषाणूच्या वाढीवर थेट घाव घालणारी औषधे आली आहेत. सोफॉसबुव्हिरसोबत डॅक्लाटास्विर किंवा वेल्पाटास्विर अशी ही जोडी असते. बहुतेक रुग्णांत बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक जण बरे होतात. सिरोसिस असल्यास औषधांची जोडी किंवा कालावधी बदलू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये ही औषधे तीन वर्षांपुढील मुलांसाठीही सुचवली आहेत. मुलांमध्ये मात्रा वजनानुसार ठरते. त्यामुळे मोठ्यांच्या गोळ्या अंदाजाने देणे धोक्याचे आहे.

केंद्राचा राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. त्यात हेपॅटायटिस बी आणि सीची तपासणी व औषधे सरकारी केंद्रांत मोफत आहेत. उपचार संपल्यानंतर बारा आठवड्यांनी आरएनए चाचणी निगेटिव्ह आली, की रुग्ण बरा झाला असे मानले जाते.

या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. एकदा बरे झाल्याने पुढे संरक्षण मिळत नाही. त्यांना रक्त घेणे सुरूच असते, त्यामुळे पुन्हा लागण होऊ शकते. प्रतिपिंडांची चाचणी मात्र बरे झाल्यावरही अनेक वर्षे पॉझिटिव्हच राहते. म्हणून बरे झालेल्या मुलाची पुढची तपासणी आरएनए चाचणीनेच करावी लागते.

रक्त टाळता येते का?

थॅलेसेमिया मेजरमध्ये टाळता येत नाही. संसर्गाच्या भीतीने रक्त बंद करणे हे त्या मुलाच्या जीवाशी खेळणे ठरेल. सिकलसेलमध्ये मात्र अनावश्यक रक्त टाळण्याला वाव आहे. या मुलांचे हिमोग्लोबिन नेहमीच कमी असते आणि त्यांच्या शरीराला त्याची सवय झालेली असते. केवळ आकडा सात-आठ दिसला किंवा अंग दुखू लागले, म्हणून रक्त द्यावे लागत नाही. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध नियमित घेतल्यास वेदनेचे झटके आणि रक्ताची गरज दोन्ही कमी होतात. वेळेवर औषध मिळणे हाही अशा प्रकारे संसर्ग रोखण्याचाच मार्ग आहे.

पालकांनी काय करावे?

• रक्त चढवल्याची वही ठेवावी. तारीख, रुग्णालय, पिशवीचा क्रमांक आणि रक्तपेढीचे नाव लिहावे. पिशवीच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढला, तरी ही सगळी माहिती जपली जाते. फोटो घरातील दुसऱ्या व्यक्तीच्या फोनवरही पाठवून ठेवावा.

• रक्त सुरू करण्याआधीची हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीची चाचणी करून तिचा कागद जपावा. पुढे दर सहा महिन्यांनी चाचणीचा आग्रह धरावा.

• हेपॅटायटिस बीची लस पूर्ण झाली आहे का, हे पाहावे.

• नॅट केलेले रक्त उपलब्ध आहे का, हे विचारावे. मात्र ते नाही म्हणून तातडीचे रक्त थांबवू नये.

• सुई आणि रक्ताचा संच प्रत्येक वेळी नवा, समोर फोडलेला असावा.

• राज्यात थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना ओळखपत्रावर रक्त मोफत देण्याचे राज्य रक्त संक्रमण परिषदेचे निर्देश आहेत. हे ओळखपत्र काढून घ्यावे.

• घरात हेपॅटायटिस सीचे मूल असेल, तर त्याचे ताट वेगळे करू नये, शाळा थांबवू नये. ब्लेड, दात घासण्याचा ब्रश आणि नखे कापण्याचे साधन तेवढे वेगळे ठेवावे.

जबाबदारी कोणाची?

थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल या तिन्ही आजारांचा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये समावेश आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लष्करी रुग्णालयात चढवलेल्या रक्तातून एचआयव्ही झालेल्या हवाई दलाच्या माजी जवानाला सुमारे दीड कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. त्याला रक्त २००२ मध्ये दिले गेले होते. म्हणजे न्याय मिळायला दोन दशके गेली आणि तो मिळाला, तोही कागदपत्रांच्या आधारे.

रक्त चढवल्यानंतरच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम देशात डिसेंबर २०१२ पासून आहे. मात्र तेथे माहिती देणे ऐच्छिक आहे. एखाद्या मुलाला संसर्ग झाल्यावर मागे जाऊन दाता शोधणे आणि त्याच दात्याचे रक्त आणखी कोणाला गेले ते तपासणे, ही साखळी नोंदींशिवाय पूर्ण होत नाही.

नॅट सर्वत्र पोहोचायला पैसा आणि वेळ लागेल. पण तीन गोष्टींना नवे यंत्र लागत नाही. सिकलसेल मोहिमेत सापडलेल्या आणि रक्त घेतलेल्या प्रत्येक मुलाचे नाव हेपॅटायटिस कार्यक्रमाच्या तपासणी यादीत घालता येते. दोन्ही कार्यक्रम त्याच आरोग्य विभागाचे आहेत. सिकलसेल कार्डावरच रक्त चढवल्याच्या तारखा आणि सहामाही चाचणीसाठी रकाना छापता येतो. आणि पालघर, वलसाड व दादरा-नगर हवेली येथील आरोग्य अधिकाऱ्यांना हद्द ओलांडणाऱ्या रुग्णांच्या नोंदी एकमेकांना कळवण्याची पद्धत ठरवता येते.

देशाने हेपॅटायटिस सी २०३० पर्यंत संपवण्याचे लक्ष्य ठेवले आहे. रक्तविकार असलेली मुले कोण आहेत आणि कुठे राहतात, हे यंत्रणेला आधीच ठाऊक असते किंवा सिकलसेल मोहिमेतून कळते आहे. एवढा ठळक आणि मोजता येण्याजोगा दुसरा गट सापडणे कठीण. पुढच्या काही वर्षांत या गटातील प्रत्येक मुलाची चाचणी होते की नाही, यावरून त्या लक्ष्याकडे देश किती गांभीर्याने पाहतो हे कळेल. अच्छाडच्या पालकांसाठी तूर्त पहिली पायरी सोपी आहे. पुढच्या वेळी मुलाला रक्त चढवताना पिशवीच्या लेबलचा फोटो काढायचा आणि डॉक्टरांना विचारायचे : हेपॅटायटिस सीची शेवटची चाचणी कधी झाली?